उंदराची साक्ष

दम्याच्या संशोधनात उंदरांचा जो वापर चालतो त्याविरुद्ध एक फिर्याद वारंवार ऐकू येते, आणि ती करणारे लोक उथळ नसल्यामुळे तिची दखल घेणे अगत्याचे आहे. त्यांचे म्हणणे असे की, उंदराला आपणहून दमा होत नाही. त्याच्या पोटात अंड्याच्या पांढऱ्यातील ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन ॲल्युमिनियमच्या क्षारात मिसळून टोचावे लागते, पुढे काही दिवसांनी त्याला पेटीत कोंडून त्याच प्रथिनाचा फवारा हुंगवावा लागतो, तेव्हा कुठे त्याच्या श्वासनलिका सुजतात. आणि तोच फवारा दीर्घकाळ चालू ठेवला, तर पुष्कळदा सूज वाढण्याऐवजी ओसरते, कारण प्राण्याचे शरीर त्या प्रथिनाला सरावते. माणसाच्या हट्टी, जन्मभर पुरणाऱ्या व्याधीची ही प्रतिकृती कशी?

यातील वस्तुस्थिती मला मान्य आहे; इतकेच नव्हे, तीत भर घालण्याचीही माझी तयारी आहे. उंदराच्या श्वासनलिकांना माणसाइतक्या शाखा नाहीत आणि त्यांभोवतीचा स्नायूही तुटपुंजा. रात्री दोन वाजता पलंगाच्या काठावर दोन्ही हात टेकून, खांदे उचलून, एकेक श्वास ओढणाऱ्या मुलाची पाठ मी चोळलेली आहे. पेटीतला उंदीर आणि ते मूल यांना एकाच तागडीत घालणे मला कधीच जमणार नाही.

परंतु यावरून प्राणी वर्ज्य करावेत असा जो निष्कर्ष काढला जातो, तो इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. मेलबर्नच्या केलावे आणि ट्रेथेवी यांना १९४० साली गिनीपिगच्या फुप्फुसातून बाहेर पडणारा, स्नायूला हळूहळू पण दीर्घकाळ आखडवणारा एक पदार्थ आढळला. त्याची रचना १९७९ साली सॅम्युएल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या अर्बुदपेशींवरून उलगडली, आणि आज पुष्कळ दमेकरी मुले रोज संध्याकाळी जी माँटेलुकास्टची गोळी घेतात ती त्याच पदार्थाला, म्हणजे ल्युकोट्राइनांना, अडवते. रॉजर आल्टून्यान यांनी गिनीपिगच्या केसांचा अर्क हुंगून स्वतःवरच दमा ओढवून घेतला व क्रोमोग्लायकेट या औषधाची परीक्षा केली, हा दाखला प्रतिपक्ष देतो, आणि त्या धैर्याला मी वंदन करतो; पण जिवंत मनुष्य आपले फुप्फुस चिरून दाखवू शकत नाही.

खरा गुन्हा निराळाच आहे, आणि तो उंदराकडून घडलेला नाही. इंटरल्युकिन-५ हा घटक नसलेल्या उंदरांत इओसिनोफिल पेशींची गर्दी होत नाही व श्वासनलिकांची चिडखोरीही शमते, असे १९९६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांना दिसले. मग त्या घटकाला निकामी करणारे प्रतिपिंड सौम्य दम्याच्या रुग्णांना दिले गेले. २००० साली निकाल आला तो असा की, रक्तातील व थुंकीतील इओसिनोफिल घटले, परंतु चिडखोरी तशीच राहिली. उंदीर खोटा ठरला, अशी ओरड तेव्हा झाली. पुढे २००९ साली ज्यांच्या थुंकीत या पेशींचा सुकाळ होता अशा गंभीर रुग्णांनाच निवडून तेच औषध दिले, तेव्हा झटक्यांची संख्या उतरली, आणि २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. इओसिनोफिल हे इंटरल्युकिन-५ च्या हुकमतीखाली असतात, ही उंदराची साक्ष खरीच होती. सर्व दमा एकाच जातीचा आहे, असे मात्र त्याने कधी सांगितले नव्हते, ते आपण त्याच्या तोंडी घातले.

म्हणून माझा आग्रह प्राणी काढून टाकण्याचा नसून जबानी नीट घेण्याचा आहे. पेटीत मोकळ्या सोडलेल्या उंदराभोवतीच्या हवेच्या दाबावरून काढलेला आकडा श्वासनलिकेचा अवरोध म्हणून छापणे थांबवावे, कारण त्यात नुसत्या श्वासाच्या लयीचाही वाटा असतो. अवरोध मोजायचा तर तो थेटच मोजावा. खोकल्याचा व स्नायूच्या आकुंचनाचा प्रश्न गिनीपिगला विचारावा. दमा आपणहून होतो अशा मांजराकडे अधिक लक्ष द्यावे. आणि पोटात टोचलेल्या अंड्याऐवजी, जी धुळीतली कीड मुलांच्या गाद्यांत व उशांत नांदते तिचाच अर्क उंदराच्या नाकावाटे, कोणत्याही क्षाराच्या मदतीवाचून, आठवडेच्या आठवडे द्यावा. अंड्याच्या प्रथिनाला जे साधत नाही ते या किडीला साधते: तिच्यातील एक पाचक द्रव्य श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशींचे सांधे तोडते. ते सांधे प्रथम कोणत्या तासाला सुटतात, हे पाहण्यासाठी उंदराचे अस्तर हाती आहे. त्या मुलाचे नाही.