मानकोलीच्या नाक्यावर न पोहोचलेली प्रश्नावली

मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडी तालुक्यात मानकोलीचा नाका लागतो. खाडीकाठच्या या परिसरात जेथे भातशेती होती, तेथे आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. उत्तर प्रदेश, बिहार, मराठवाडा येथून आलेले तरुण तेथे मालाची चढउतार करतात, तर मूळचे शेतकरी गाळ्यांच्या भाड्यावर संसार चालवू लागले आहेत. समाजमानसशास्त्राच्या अभ्यासकाला याहून समृद्ध क्षेत्र शोधून सापडणार नाही. परंतु या शास्त्रात पदव्युत्तर पदवीसाठी जे प्रबंध सादर होतात, त्यांपैकी कित्येकांतील 'नमुना' म्हणजे त्याच महाविद्यालयाच्या बाकांवर बसलेली शे-दीडशे मुलेमुली असतात!

हा दोष केवळ आपल्याकडचाच आहे, असे नव्हे. जोसेफ हेन्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली दाखवून दिले की, मानसशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांतील प्रयोगांचे 96 टक्के प्रयुक्त जगाच्या अवघ्या 12 टक्के लोकसंख्येच्या देशांतील होते. पुढे 2015 साली शंभर प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आले, तेव्हा समाजमानसशास्त्रातील जेमतेम चौथा हिस्सा कसोटीला उतरला. ज्या शास्त्राचा पाया त्याच्या जन्मभूमीतच डळमळीत ठरला, त्याच्या प्रश्नावल्या आपण मात्र भाषांतर करून जशाच्या तशा वापरीत राहावे, हे नवलच म्हणावयाचे.

वस्तुतः या देशाची परंपरा वेगळी होती. 1934 च्या बिहार भूकंपानंतर उठलेल्या अफवांचा जमुना प्रसाद यांनी केलेला अभ्यास 1935 साली प्रसिद्ध झाला. धक्का जाणवला पण हानी झाली नाही, अशा भागातही आणखी मोठ्या संकटाच्या अफवा का पसराव्यात, या कोड्याने लिऑन फेस्टिंगर यांना त्यांच्या गाजलेल्या विसंवाद-सिद्धान्ताकडे नेले. येथे सामग्री आपली होती आणि सिद्धान्त तिकडे तयार झाला.

भिवंडीची कथा तर अधिक बोलकी आहे. 1970 च्या मे महिन्यात आणि पुन्हा 1984 साली हे शहर भीषण दंगलींनी होरपळले. त्यानंतर 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांनी पोलिसांसह एकत्र बसावे आणि कुरबुरी तेथेच मिटवाव्यात, एवढीच ती योजना. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली. समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि अधिकाऱ्यांचा पाठिंबा असेल तर दोन गटांतील संपर्काने पूर्वग्रह ओसरतो, असे गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 साली मांडले होते. त्याचा एवढा मोठा प्रयोग आपल्या दारात केला तो एका पोलीस अधिकाऱ्याने. आणि त्याची जागतिक चर्चेत नोंद घेतली ती आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञाने!

मग विद्यार्थी मानकोलीस का जात नाही? त्याला आळशी ठरविणे सोपे आहे, पण हिशेब पाहता तो शहाणाच ठरतो. प्रबंधाला मुदत एका सत्राची, म्हणजे चार-पाच महिन्यांची. गोदामात शिरायचे तर ठेकेदाराची परवानगी हवी, आणि ठेकेदारासमोर हमाल खरे बोलणार नाही. रात्रपाळी संपल्यावर त्याला त्याच्या खोलीवर गाठावे, तर विद्यार्थिनींना ते सहसा शक्य होत नाही. इतके करून गुण तेवढेच. उलट मोबाइलवर वर्गमित्रांना धाडलेल्या प्रश्नावलीला दमडीही पडत नाही, आणि आकडेही तक्त्यात नीटनेटके बसतात. स्वस्त मालाला आणि कष्टाच्या मालाला एकच भाव मिळू लागला, की बाजारात कोणता माल येणार, हे सांगावयास अर्थशास्त्री नको.

तेव्हा उपाय विद्यार्थ्याला उपदेश करण्याचा नव्हे, भाव बदलण्याचा आहे. क्षेत्रीय प्रबंधाला पूर्ण वर्षाची मुदत आणि अधिक गुण असावेत. जाण्यायेण्याचा खर्च महाविद्यालयाने द्यावा. दोघा-तिघांनी मिळून काम करण्यास मुभा असावी. आणि प्रश्न मराठी, हिंदी, उर्दूत तोंडी विचारलेले चालावेत.

विचारण्याजोगे प्रश्न तेथे पडून आहेत. एकच मालमोटार भरणारे दोन परप्रांतीय हमाल दिवसभर समान दर्जाने, समान उद्दिष्टाने राबतात. सायंकाळी मात्र आपापल्या गावच्या खोल्यांत परततात. गोदामातील सलगी त्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबते का? आणि गाळ्याचा मालक व भाडेकरू कामगार यांच्यात समान दर्जाच नाही, तेथे रोजच्या भेटीने दुरावा घटतो की वाढतो?