स्तोत्रांचा अभ्यास पंडितांपुरता नाही



ख्रिस्ती माणसाला शुभवर्तमान पुरेसे आहे, बायबलमधील स्तोत्रांचे हिब्रू काव्य पंडितांनी पाहावे, असे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे. ते मुळीच पटत नाही. मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत वधस्तंभावरील येशूच्या तोंडी २२व्या स्तोत्राचा आरंभ येतो. आक्रोशाने सुरू झालेले ते स्तोत्र पुढे स्तुतीकडे वळते. ते अख्खे न वाचणाऱ्याला त्या आरोळीचा अर्धाच अर्थ लागतो.

रचना कळली की वाचन बदलते. ११९वे स्तोत्र हिब्रूच्या २२ अक्षरांवर बांधलेले आहे: प्रत्येक अक्षराने सुरू होणारी आठ वचने, एकूण १७६. भाषांतरात नुसती पुनरुक्ती वाटते. मुळात मात्र ती एका भक्ताची चिकाटीची कारागिरी आहे.

आणि ८८वे? ते अंधारातच संपते. दुःखात बुडालेल्या घरी ते वाचायला धैर्य लागते, पण शोक करणाऱ्याला तिथे आपलाच आवाज सापडतो.

मराठीत तर काव्यातून भक्तीची ही वाट जुनीच. फादर स्टीफन्सचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात प्रसिद्ध झाले, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगांतून ख्रिस्त गायला. पत्रलेखकाने एकदा २२वे स्तोत्र सलग, मोठ्याने वाचून पाहावे, एवढीच आग्रहाची विनंती.

— एक वाचक