ताट कच्चे चालेल, गणित कच्चे नको

‘रॉ व्हीगन’ हा शब्द आता आपल्याकडच्या पुस्तकांच्या दुकानांतही दिसू लागला आहे. व्हीगन म्हणजे दूध, दही, तूप, मध, अंडी, मांस यांपैकी काहीही नाही. आणि रॉ म्हणजे जे काही खायचे ते न शिजवता. फळे, भाज्या, सुकामेवा, बिया, मोड आलेली कडधान्ये एवढ्यावर सगळा स्वयंपाक. गॅस पेटवायचाच नाही. फार तर पदार्थ वाळवण्याच्या यंत्रात ठेवायचा, तोही साधारण ४० ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ न देता. त्यापुढे अन्नातली ‘जिवंत’ एन्झाइम मरतात, असे ही पुस्तके सांगतात.

गेले काही महिने रविवारी घरी यांतल्या पाककृती करून पाहतो आहे. रुग्ण विचारतात, तेव्हा निव्वळ ‘नको’ म्हणण्यापेक्षा तो पदार्थ काय आहे, किती पडतो आणि पोट भरते का, हे ठाऊक असलेले बरे. त्यातून जे दिसले आणि रुग्णालयात जे दिसते, ते दोन्ही शेजारी ठेवून बोलायला हवे.

आधी चांगले. यातले बरेच पदार्थ चवीला उत्तम होतात. काकडी किंवा झुकिनीच्या लांब शेवया काढून त्यावर टोमॅटो, तुळस, लसूण आणि तेल यांचा कच्चा रस्सा घातला, तर उन्हाळ्यात छान लागतो. जवस भिजवून, त्यात कांदा-टोमॅटो वाटून, पातळ थापून वाळवलेल्या कुरकुरीत चकत्या आमच्या घरात संध्याकाळपर्यंत उरल्या नाहीत. वाळवायला बारा-चौदा तास लागतात, पण कोहळ्याचे सांडगे उन्हात घालणाऱ्या घरांना त्याचे नवल वाटू नये. तसे पाहिले तर आपल्या ताटाची डावी बाजू निम्मी कच्चीच असते. कोशिंबीर, पचडी, ओल्या खोबऱ्याची चटणी, लिंबाची फोड. कोकम आणि नारळाच्या दुधाची सोलकढी तर जशीच्या तशी या पुस्तकात शोभेल. चैत्रातल्या आंबेडाळीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ कच्चीच वाटतात. फोडणी वगळली तर तीही नियमात बसते. पण त्याच ताटाच्या उजव्या बाजूला भाकरी, आमटी आणि शिजवलेली भाजी असते. पोट त्यावर भरते.

आता एन्झाइमांचे. अन्नातली एन्झाइम आपले पचन करतात, हा विचार एडवर्ड हॉवेल या अमेरिकी डॉक्टरने गेल्या शतकात पसरवला. एन्झाइम ही प्रथिने असतात. जठरातल्या तीव्र आम्लात गेल्यावर त्यांतली बहुतेक मोडतात आणि इतर प्रथिनांसारखीच पचून जातात. पचनासाठी लागणारी एन्झाइम आपली लाळ, जठर, स्वादुपिंड आणि लहान आतडे स्वतः तयार करतात. काकडीची एन्झाइम काकडीच्या उपयोगाची असतात, आपल्या नव्हे. ४८ अंशांच्या त्या रेषेला शरीरशास्त्रात काही आधार नाही.

उष्णतेने काही गोष्टी जातात, हे खरेच आहे. क जीवनसत्त्व शिजवल्यावर घटते आणि भाजीचे पाणी फेकले तर आणखी जाते. म्हणून पेरू, आवळा, लिंबू, कोथिंबीर कच्चे खावे. पण त्याच उष्णतेने काही गोष्टी मिळतातही. टोमॅटोतले लायकोपीन आणि गाजरातले बीटा कॅरोटीन शिजवल्यावर, थोड्या तेलासोबत, शरीरात अधिक शोषले जाते. ज्वारी, बाजरी, बटाटा यांतला स्टार्च पाण्यात शिजून फुगतो, तेव्हाच तो नीट पचतो. राजम्यात लेक्टिन नावाचे प्रथिन असते. नुसते भिजवलेले थोडेसे दाणे खाल्ले तरी काही तासांत जोराच्या उलट्या होतात. भिजवून, पाणी बदलून, खळखळून उकळल्यावर तोच राजमा निर्धोक होतो. हार्वर्डचे मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांनी २००९ च्या ‘कॅचिंग फायर’ या पुस्तकात मांडले की, माणूस घडण्यातच चुलीचा वाटा आहे. शिजवलेल्या अन्नातून कमी श्रमात जास्त ऊर्जा मिळू लागली, म्हणून आपली आतडी लहान आणि मेंदू मोठा होऊ शकला. त्यांच्या मांडणीवर वाद आहेत, पण शिजवल्याने अन्नातली अधिक ऊर्जा हाती लागते, यावर फारसा वाद नाही.

ऊर्जेचे हे गणित पाककृती करताना लगेच समोर येते. १०० ग्रॅम काकडीतून जेमतेम १५ कॅलरी मिळतात. दिवसाच्या २,००० कॅलरी काकडीतून काढायच्या तर १३ किलोंहून अधिक काकडी खावी लागेल. म्हणून ही पुस्तके ऊर्जा दोनच ठिकाणांहून आणतात: सुकामेवा आणि खजूर. काजूचे ‘चीज’, बदामाचे ‘दूध’, अक्रोडाचा ‘खिमा’, खजुराचा ‘केक’. एका केकला साधारण २०० ग्रॅम काजू, २०० ग्रॅम खजूर आणि चार मोठे चमचे खोबरेल तेल लागले. त्या ऐवजाच्या कॅलरी दोन हजारांच्या वर जातात. ‘साखर नाही’ असे पुस्तकात ठळक लिहिलेले असते, पण तेवढ्या खजुरात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास साखर असतेच. मधुमेहाच्या रुग्णाने हे वाक्य कसे वाचायचे?

आणि ज्या काजूवर हा सगळा डोलारा उभा आहे, तो दुकानातला काजू कच्चा नसतोच. काजूच्या टरफलात कातडी भाजणारे तेल असते. ओले काजूगर सोलणाऱ्या कोकणातल्या बायकांची बोटे विचारा. म्हणूनच कारखान्यात बी आधी वाफवतात किंवा भाजतात, मग फोडतात. म्हणजे कडक नियम पाळणाऱ्याच्या ताटातही आग आलेलीच असते, फक्त ती वेंगुर्ल्याच्या कारखान्यात पेटलेली असते.

नुसत्या कच्च्या आहारावर वर्षानुवर्षे राहणाऱ्यांचे काय होते? याचा चांगला अभ्यास जर्मनीत झाला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा आहार घेणाऱ्या २०१ जणांची तपासणी केली होती. त्यांचे वाईट कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड कमी होते, ही जमेची बाजू. पण चांगले कोलेस्टेरॉलही अनेकांचे कमी होते आणि ३८ टक्के लोकांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. त्याच गटाच्या १९९९ च्या अभ्यासात ४५ वर्षांखालील सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा पूर्ण थांबली होती. ज्यांच्या आहारात कच्च्याचा वाटा जास्त, त्यांच्यात हे प्रमाणही जास्त होते. पाळी थांबणे म्हणजे शरीर ‘शुद्ध’ झाले, असे सांगणारे लोक आहेत. प्रत्यक्षात शरीर सांगत असते की, ऊर्जा पुरत नाही.

१९२९ मध्ये गांधीजींनीही साबरमतीला न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता. ‘यंग इंडिया’तून ते त्याची हकिगत वाचकांना देत होते. पोट बिघडून आमांश झाला, तेव्हा त्यांनी प्रयोग थांबवला आणि तेही जाहीरपणे सांगितले. आजच्या आहारगुरूंकडून एवढी तरी अपेक्षा ठेवायला हवी.

इथवरचे सगळे ज्यांना काजू-बदाम परवडतात, त्यांच्याविषयी झाले. माझी खरी काळजी दुसरीच आहे. पुस्तकातली कल्पना महागड्या स्वयंपाकघरात राहत नाही. ती मोबाइलवरच्या संदेशांतून खाली झिरपते आणि वाटेत तिच्यातला काजू, बदाम, अक्रोड गळून जातो. उरते ते एवढेच: ‘शिजवलेले सोडा, कच्चे खा, गोळ्या बंद करा.’ सरकारी रुग्णालयात येणारा माणूस ही स्वस्त आवृत्ती पाळतो. सकाळी दुधीचा रस, दुपारी कच्चा पालक, रात्री मोड आलेली मटकी. या तिन्ही गोष्टींविषयी म्हणून नेमके सांगायला हवे.

दुधी. काही दुध्यांत क्युकरबिटासिन नावाचे कडू विष तयार होते. असा रस प्यायल्यावर उलट्या, रक्ताचे जुलाब, रक्तदाब एकदम खाली जाणे असे होऊन माणसे दगावली आहेत. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. नियम साधा आहे: फोड चाखा, कडू लागली तर दुधी फेकून द्या. शिजवूनही तो कडूपणा जात नाही. दुसऱ्या रसात मिसळू नका, कारण मग कडूपणा कळत नाही आणि ‘औषध कडूच असते’ म्हणून माणूस पेला संपवतो.

पालक. त्यात ऑक्झलेट भरपूर असते. पेलेच्या पेले कच्चा रस रोज प्यायल्याने मूत्रपिंडात ऑक्झलेटचे खडे साचून ती निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. उकळून पाणी काढून टाकले की ऑक्झलेट बरेच कमी होते. ज्यांची मूत्रपिंडे आधीच अशक्त आहेत, त्यांना कच्च्या भाज्या-फळांतले पोटॅशियमही घातक ठरू शकते. म्हणून तर आम्ही त्यांना भाजी उकळून पाणी फेकायला सांगतो. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनसारखी गोळी घेणाऱ्यांनी हिरव्या पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवले, तर गोळीचा परिणाम घटतो.

मोड. ओलसर, कोमट फडक्यात मोड येतात तसे जंतूही वाढतात. २०११ मध्ये जर्मनीत ई-कोलाय जंतूची मोठी साथ आली. जवळपास चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक मेले, शेकडोंची मूत्रपिंडे बिघडली. तपासाअंती दोषी ठरले ते मेथीचे मोड. आपण उसळीला फोडणी देऊन शिजवतो, त्यात चवीशिवायही शहाणपण आहे. कच्चेच खायचे तर निदान पाच मिनिटे वाफवावे. पालेभाजी, कोबी, मुळा, गाजर कच्चे खाण्याआधी वाहत्या पाण्याखाली पुन्हा पुन्हा धुवावे. सांडपाण्यावर पिकलेल्या भाजीवरून पट्टकृमीची अंडी पोटात जातात आणि मेंदूत गाठी होऊन फिट येतात. हा आजार कधीही मांस न खाल्लेल्या माणसालाही होतो.

सर्वांत जास्त नुकसान मात्र ‘गोळ्या बंद करा’ या तीन शब्दांनी होते. कच्च्या आहाराने वजन उतरते आणि वजन उतरले की साखर सुधारते, हे खरे. पण ते वजनामुळे होते, कच्चेपणामुळे नाही; आणि गोळी किती कमी करायची हे रक्त तपासूनच ठरते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू ठेवून कोणी एकदम जेवण सोडले तर साखर धोकादायक खाली जाते. गोळ्या सोडल्या तर काही आठवड्यांनी पायाची जखम घेऊन माणूस आमच्याकडे येतो. दोन्ही प्रकारचे रुग्ण आम्ही पाहतो.

बी-१२ चे वेगळे सांगायला हवे. दिवसाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागते, पण ते वनस्पतींतून मिळत नाही. स्पिरुलिनात असते म्हणतात, त्यातला बहुतांश भाग शरीराला निरुपयोगी असतो. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून सुरुवातीला ‘मला काहीच झाले नाही’ असे वाटते. मग पायांना मुंग्या, तोल जाणे, विसरभोळेपणा सुरू होतो. हिरव्या पाल्यातले फोलेट भरपूर मिळत असल्याने पंडुरोग झाकला जातो आणि नसांचे नुकसान गुपचूप चालू राहते. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ आधीच कमी होत असते. उशीर झाला तर ते नुकसान पूर्ण भरून येत नाही.

तेव्हा ज्यांना प्राणिजन्य काही खायचे नाही, त्यांच्या निर्णयाचा आदर आहे. त्यांनी बी-१२ ची गोळी कायम घ्यावी आणि वर्षातून एकदा रक्त तपासावे. ज्यांना कच्चे आवडते त्यांनी प्रत्येक जेवणात एक कच्चा पदार्थ जरूर वाढून घ्यावा. बहुतेकांच्या ताटात तो आज कमीच आहे. पुस्तकातल्या पाककृती सुट्टीच्या दिवशी हौसेने कराव्यात. पण गरोदर स्त्रिया, वाढती मुले, वजन घटलेले वृद्ध, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, मूत्रपिंडाचे आणि मधुमेहाचे रुग्ण यांनी पूर्ण कच्च्या आहाराच्या वाटेला जाऊ नये.

आणि कोणी ‘गोळ्या बंद’ म्हणाले, तर त्याला एकच प्रश्न विचारा: पुढच्या महिन्यात माझी साखर, क्रिएटिनिन आणि बी-१२ तपासून त्याची जबाबदारी तुम्ही घेणार का? उत्तर ‘नाही’ असेल, तर गोळ्या चालू ठेवा आणि शंका घेऊन जवळच्या रुग्णालयात या.