लघुउद्योजकाचे वेळापत्रक आणि खेळातून प्रशिक्षण

लघुउद्योगांविषयी शासकीय चर्चा प्रामुख्याने भांडवल, कर्ज आणि अनुदान यांभोवती फिरते. वेळेच्या नियोजनाचा विचार क्वचितच होतो. वास्तविक लहान व्यावसायिकाचे बहुतेक नुकसान वेळेतच दडलेले असते. दिल्लीतील सरोजिनी नगरचा बाजार निर्यातीतून उरलेल्या स्वस्त कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा बाजाराला माल पुरवणाऱ्या लहान शिलाई कारखानदाराला दिवाळीपूर्वीचे काही आठवडे वर्षभराचा आधार असतात. कुर्ते दिवाळीनंतर तयार झाले, तर त्यात गुंतलेली रक्कम पुढच्या हंगामापर्यंत पडून राहते आणि व्याज मात्र थांबत नाही.

याच बाजाराला लागून असलेल्या शासकीय वसाहतीच्या पुनर्विकासाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मंजुरी दिली. दिल्लीतील एकूण सात वसाहतींचे हे काम पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने व्हावयाचे होते. २०१८ मध्ये वृक्षतोडीचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला व तोडीला स्थगिती मिळाली. पाच वर्षे उलटली तेव्हाही काम चालूच होते. अभियंते आणि सल्लागार हाताशी असताना जर असे घडते, तर चार शिलाई यंत्रांच्या मालकाचे वेळापत्रक कोलमडले याचे नवल वाटू नये. फरक एवढाच की शासन विलंब सोसू शकते. तो सोसू शकत नाही.

प्रकल्प व्यवस्थापन हा शब्द भारदस्त आहे, परंतु त्याचा गाभा सोपा आहे. समजा, कापड आणण्यास ३ दिवस, कापण्यास २, शिलाईस १०, काज-बटणास ३ आणि इस्त्री व बांधणीस २ असे एकूण २० दिवस लागतात. बांधणीच्या वेळी हवी असलेली छापील लेबले तयार होण्यास ६ दिवस लागतात. लेबलांचे काम १२ दिवस उशिरा सुरू केले तरी बिघडत नाही. कापड मात्र एक दिवस उशिरा आले, तर सगळा माल एक दिवस लांबतो. कोणत्या कामात सवड आहे आणि कोणत्या कामात मुळीच नाही, हे ओळखणे म्हणजेच ही विद्या. १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीत आणि पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कार्यक्रमात तिला शास्त्रीय रूप मिळाले.

ही विद्या व्याख्यानाने पोहोचत नाही, खेळाने पोहोचते, असे माझे मत आहे. ३० दिवसांचा पट, कामांच्या चिठ्ठ्या आणि थोडे खोटे पैसे एवढे साहित्य पुरे. ‘वीज गेली’, ‘कारागीर गावी गेला’ अशी चिठ्ठी निघाली की डाव नव्याने मांडावा लागतो. प्रत्यक्ष बाजारात ज्या चुकीने हंगाम बुडतो, ती येथे फुकटात करता येते.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. डेव्हिड मॅक्लेलँड यांनी १९६० च्या दशकात काकीनाड्याच्या लहान व्यावसायिकांसाठी हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत प्रेरणा-प्रशिक्षण घेतले. किती अंतरावरून कडे फेकायचे हे खेळणाऱ्यानेच ठरवण्याचा खेळ त्याच परंपरेतला. फार जवळून फेकणारा धोका टाळतो, फार लांबून फेकणारा दैवावर विसंबतो. महाराष्ट्रात १९८८ पासून उद्योजकता विकास केंद्र कार्यरत आहे. त्यामुळे उद्योजक घडवता येतो हा विचार मराठी वाचकांना अपरिचित नसावा.

अलीकडचे पुरावेही याच दिशेने जातात. टोगो देशातील १,५०० लघुउद्योगांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढाकार घेण्याची वृत्ती शिकवणाऱ्या प्रशिक्षणाने नफा ३० टक्क्यांनी वाढला; रूढ व्यवसाय-प्रशिक्षणाचा परिणाम ठामपणे सिद्ध झाला नाही. डोमिनिकन प्रजासत्ताकात संपूर्ण हिशेबशास्त्रापेक्षा साधे ठोकताळे अधिक उपयोगी ठरल्याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. थोडे शिकवावे, पण ते हातात उतरावे, हा यातील बोध.

दोन इशारे मात्र आवश्यक आहेत. पहिला, मोबाईलवर गुण आणि बिल्ले वाटणे म्हणजे खेळ नव्हे. ज्या खेळात निर्णय नाही आणि हार नाही, तो जुन्या व्याख्यानाचा नवा वेष होय. दुसरा इशारा अधिक गंभीर आहे. अनेकदा वेळापत्रक मोडते ते ग्राहकाने पैसे अडवल्यामुळे. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करणे बंधनकारक केले, विलंबावर चक्रवाढ व्याजही ठेवले. परंतु व्याज मागून गिऱ्हाईक गमावण्याची तयारी किती जणांची असते? म्हणून पटावर ‘पैसे आले नाहीत’ ही चिठ्ठी असलीच पाहिजे. अन्यथा दोष सर्वस्वी उद्योजकाचा, असा चुकीचा धडा आपण देऊ.

माझ्या सूचना तीन आहेत. (१) प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेच्या मूलभूत प्रशिक्षणात शिंप्यांसह सर्व कारागिरांसाठी अर्धा दिवस अशा खेळाला द्यावा. तेथे दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन असल्याने रोजगार पूर्णतः बुडत नाही. (२) दुकानदारांसाठी वर्ग त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, बाजारातच भरवावेत; सरोजिनी नगरला तो सोमवार आहे. (३) किती प्रमाणपत्रे वाटली हे न मोजता, पुढील हंगामात किती जणांनी माल ठरल्या दिवशी दिला हे मोजावे.

तिसरी सूचना आपल्या यंत्रणेला सर्वांत जड जाईल, याची मला कल्पना आहे. प्रमाणपत्रांची संख्या मार्चअखेर सहज भरून देता येते. दिवाळीचा हिशेब विचारण्यासाठी पुन्हा बाजारात जावे लागते. परंतु ते न केल्यास प्रशिक्षणावरील खर्चाचे काय झाले, हे आपल्याला कधीच कळणार नाही.