थुटाची साक्ष

चोरीचे लाकूड एकदा करवतीखाली गेले की त्याचे कूळ कोण विचारतो, या भरवशावर लाकूडचोरांचा धंदा चालतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात हा भरवसा मोडला. तिथल्या ऑलिंपिक राष्ट्रीय वनातून २०१८ मध्ये एका टोळीने मेपलची झाडे तोडली. लहरदार नक्षीच्या या लाकडाला वाद्ये बनवणाऱ्यांकडून चढा भाव मिळतो. माल खासगी जमिनीतला, असे बनावट परवान्यांवर दाखवून तो लाकडाच्या गिरणीत खपवला गेला. मात्र वनखात्याच्या संशोधकाने विकलेल्या लाकडाचा डीएनए जंगलात उरलेल्या तीन झाडांच्या अवशेषांशी ताडून पाहिला आणि तो जुळला. हा योगायोग असण्याची शक्यता एकावर छत्तीस शून्यांत एक! २०२१ मध्ये म्होरक्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली. झाडाचा डीएनए अमेरिकेच्या संघीय फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून मांडला जाण्याची ही पहिलीच वेळ.

मालकीच्या शेतातला म्हणून जंगलातला साग खपवण्याची वाट आपल्याकडेही जुनीच आहे. तिला अडसर काय, तर हातोड्याचा शिक्का आणि वाहतूक परवाना. दोन्हींची नक्कल होऊ शकते. मग डीएनए चाचणी आणा, असे म्हणणे सोपे. पण शेतातला साग अनेकदा वनखात्याच्याच रोपवाटिकेतून आलेला असतो. त्यामुळे 'हे लाकूड कुठल्या भागातले' या प्रश्नाचे उत्तर मिळूनही चोर सुटेल. प्रश्न हवा तो 'हे लाकूड याच थुटाचे का?' असा. आणि त्यासाठी थुटाचा नमुना हाताशी लागतो.

घोडे पेंड खाते ते इथे. तोड उघडकीस आल्यावर वनरक्षक थुटाची गोलाई मोजतो, पंचनामा होतो आणि थूट वाळवीच्या हवाली होते. पुढे महिन्याभराने ट्रक पकडला तरी ताडून पाहायला काय उरणार? जुन्या, वाळलेल्या लाकडातून, त्यातही गाभ्यातून, डीएनए काढणे मुळातच जिकिरीचे. सालीलगतचा ताजा तुकडा वेळीच सुकवून, क्रमांक घालून सीलबंद ठेवला तरच काम होते. शिवाय जुळणीला न्यायालयात वजन यावे, तर आसपासच्या सागांतला फरक किती, याची नोंदही आधीच हवी.

ती नोंद आणि प्रयोगशाळा उभी राहायला वर्षे लागतील. पंचनाम्याच्या नमुन्यात एक रकाना वाढवायला आणि वनरक्षकाच्या हाती पटाशी व पाकीट द्यायला मात्र कोणाची वाट पाहायची?