रस्ता कुणाच्या पायांसाठी?

मैत्रिणींनो,

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. शेतमाल लवकर बाजारात पोचावा, रुग्णाला वेळेत उपचार मिळावेत, हे कुणाला नको आहे? पण या रस्त्यावर पायी चालायला, सायकल, दुचाकी वा रिक्षा न्यायला मनाई आहे. अशा वेगाच्या रस्त्यावर ती हवीच. मात्र गावातली बाई याच साधनांनी घराबाहेर पडते. तेव्हा रस्त्यांचा सगळा विचार वेगाभोवतीच फिरू लागला, तर तिच्या वाट्याला काय येणार?

१९७२ च्या दुष्काळात याच बायांनी खडी फोडून राज्यातले कितीतरी रस्ते उभे केले. त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. आज रस्ते यंत्रे करतात. तिची मजुरी गेली. आणि रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला सात-बाऱ्यावर नाव असलेल्याला, म्हणजे बहुधा पुरुषालाच मिळतो.

शेतीतले काम आटते आहे. नोकरी, कॉलेज, दवाखाना सारे तालुक्याच्या गावी आहे. त्यामुळे पुढच्या काळात बाईचे स्वावलंबन फाट्यापासून घरापर्यंतच्या दोन किलोमीटरवर ठरणार आहे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट लागते. पण जिथे गाडीच येत नाही, तिथे सवलत कसली? शेवटची गाडी चुकली, फाट्यावर दिवा नाही, म्हणून मुलीचे कॉलेज बंद होते. आणि घरी बसलेल्या मुलीसाठी स्थळे पाहायला कितीसा वेळ लागतो? ‘मुलगी शिकायला तयार नव्हती’ असे मग सगळे सांगतात. तिला कुणी विचारलेले नसते.

रस्ता किती रुंद, हा इंजिनियरचा प्रश्न. तो कुणाला कुठे नेतो आणि सुखरूप परत आणतो का, हा आपला प्रश्न. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी, असे आपल्या राज्याचा कायदाच सांगतो. तिथे चार गोष्टी ठरावात लिहून घ्या: फाट्यावर दिवा आणि निवारा, पायी चालण्यापुरती कडेची वाट, कॉलेज आणि कामाच्या वेळेला धरून एस.टी., आणि सात-बाऱ्यावर बाईचे नाव. ठरावाची प्रत आगाराला आणि तहसीलदारांना द्या, पोच घ्यायला विसरू नका.

तुमच्या गावाने काय ठरवले, ते आम्हाला जरूर कळवा.