चालतो, पण गार करत नाही

सोलापूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. ‘कूलर चालतो, आवाज करतो, पाणीही पितो, पण गार करत नाही. मेकॅनिक म्हणतो, नवा घ्या. काय करू?’ बहिणी, नवा घेण्याआधी थोडे थांब. हेच वाक्य 2023 च्या रमजानमध्ये आमच्या घरात रोज ऐकू येत होते.

तो रमजान 24 मार्चला सुरू झाला, म्हणजे सगळे रोजे ऐन उन्हाळ्यात. आम्ही भवानी पेठेत एका जुन्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर पत्रा. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे अम्मी म्हणतो, तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. डॉक्टरांनी रोजे ठेवायला हरकत घेतली नव्हती, दुपारी गार जागी पडून राहायचे एवढीच अट होती. आमच्याकडे गार जागा एकच : बारा वर्षे जुन्या पत्र्याच्या कूलरसमोरची चटई. जोहरची नमाज झाली की अम्मी तिथे आडव्या होत आणि असरपर्यंत दुपट्ट्याच्या पदराने वारा घेत. कूलर समोर चालू असताना! एका दुपारी त्यांना उठताना चक्कर आली. संध्याकाळी हे म्हणाले, हप्त्याने नवा आणू. ईद तोंडावर, मुलांचे कपडे व्हायचे होते, शिवाय जूनमध्ये शाळेच्या फिया. मी म्हटले, मला दोन दिवस द्या.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून दोन तापमापी घरी आणले. एकाच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळली आणि दोन्ही खिडकीबाहेर सावलीत टांगले. हा प्रयोग आठवीच्या मुलांकडून मी दरवर्षी करून घेते. शिवाजीनगरच्या वेधशाळेत, ज्याला जुने पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात (हवामान खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून इथे आले), हवेतला ओलावा मोजण्याची जुनी पद्धत हीच. दुपारी तीनला कोरडा तापमापी 37 अंश दाखवत होता, ओला 21.

हे दोन आकडे मिळाले की कूलरकडून काय मागायचे ते कळते. कूलर गारवा तयार करत नाही. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेते, एवढेच त्याचे काम. म्हणून ओल्या तापमापीच्या खाली तो कधीच जाऊ शकत नाही. कोरड्या-ओल्यातला फरक सोळा अंशांचा. चांगला कूलर त्यातले तीन चतुर्थांश तरी कापतो. म्हणजे त्याच्या तोंडाशी 25 च्या आसपास हवा मिळायला हवी. मी तापमापी जाळीसमोर धरला. 33! म्हणजे तो पंख्यापेक्षा फार काही जास्त करत नव्हता. पुण्यात जुलैत हाच प्रयोग केला तर दोन तापमापींत तीन-चार अंशांचाच फरक असतो. तेव्हा कूलर गार करत नाही म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. हवेतच ओलावा घ्यायला जागा नसते.

आता चूक शोधायची. पहिली चूक कूलरमध्ये नव्हतीच, आमच्या समजुतीत होती. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही दारे-खिडक्या गच्च लावून बसायचो. एसीला ते ठीक. कूलर मात्र बाहेरची हवा आत ढकलतो. तिला बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत ओलावा साठतो, थोड्या वेळाने अंग चिकट होते आणि गारवा संपतो. कूलर खिडकीबाहेर किंवा खिडकीला लागून हवा आणि त्याच्या समोरच्या बाजूचे दार किंवा खिडकी वीतभर उघडी हवी. आमचा कूलर तर खोलीच्या आत भिंतीला टेकून ठेवला होता, तीच ती दमट हवा पुन्हा पुन्हा घोटत. त्याला ओढून गॅलरीच्या दारात लावला, स्वयंपाकघराची खिडकी उघडली. अर्ध्या तासात तोंडाशी 30.

राहिलेले अंश गवतात अडकले होते. कूलरच्या तीन बाजूंना वुडवूलच्या ताट्या असतात, त्यांना आपण गवत म्हणतो. (नव्या प्लॅस्टिकच्या कूलरमध्ये त्याजागी पुठ्ठ्यासारखा मधमाशीच्या पोळ्याचा पॅड असतो.) प्लग काढून ताटी उघडली तर वरून पांढरे पट्टे, हात लावला की चुरा. आमच्या इमारतीत नळाचे पाणी कमी पडले की बोअरचे चढवतात. खडकवासल्याहून येणारे धरणाचे पाणी त्या मानाने सौम्य. बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार मागे राहतात. वाफ झाली की आपण वरून पुन्हा तेच पाणी ओततो आणि टाकीतले क्षार दाट होत जातात. म्हणून टाकी नुसती भरत राहू नये, दोन-तीन दिवसांनी पूर्ण रिकामी करावी.

पट्टे का पडले तेही दिसले. पंपाचे पाणी नळीने वरच्या पन्हाळीत जाते आणि तिच्या भोकांतून गवतावर झिरपते. निम्मी भोके क्षारांनी बुजली होती. जिथे पाणी नाही तिथले गवत कोरडे, आणि हवा चलाख. ती ओले, जड गवत सोडून कोरड्यातूनच आत शिरते आणि गरमच बाहेर येते. हिराच्या झाडूची काडी घेतली, एकेक भोक मोकळे केले. पंपाचे झाकण काढले, आतली छोटी चक्री बोटाने फिरवली तर अडखळत होती. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात पंपाचा जाळीकडचा भाग आणि पन्हाळी तासभर भिजवली, पांढरा थर सुटला. संडास धुण्याचे अ‍ॅसिड कुणी सुचवेल, ते वापरू नका, पत्रा खाऊन टाकते. गवत मात्र धुऊन वाचण्यासारखे नव्हते. बोहरी आळीतून नवे आणले, पंपाला नवी जाळी आणली. नव्या कूलरच्या एका हप्त्याहून कितीतरी कमी पैसे गेले.

मी गॅलरीत ते जुने गवत पसरून बसले असताना टोरोंटोजवळच्या मिसिसॉगाहून माझ्या भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ‘खाला, हे तर आमच्याकडेही आहे!’ म्हणाली. मला खोटे वाटले. कॅनडात कूलर कशाला? पण तिच्या तळघरात घर तापवायची भट्टी आहे, तिची गरम हवा नळांतून खोल्याखोल्यांत जाते, आणि त्या नळाला एक डबा बसवलेला असतो : ह्युमिडिफायर. बाहेर उणे पंधरा अंशांची हवा घरात 21 अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता दहा टक्क्यांच्याही खाली जाते. ओठ फुटतात, मुलाच्या नाकातून रक्त यायचे. त्या डब्यात आमच्या गवतासारखीच एक जाळीदार पट्टी, तिच्यावर पाण्याची बारीक धार, तिच्यातून हवा. आम्हाला त्यातला गारवा हवा, त्यांना ओलावा. त्या हिवाळ्यात तिचाही डबा ‘चालतो पण काही करत नाही’ म्हणत होता. तिने पट्टी बदलली, पाण्याची बारीक नळी साफ केली, तरी नाही. शेवटी सापडले काय, तर डब्याला जाणारा हवेचा पडदा उन्हाळ्यात बंद केलेला, हिवाळ्यात उघडायचा विसरलेली. तिची पडदा बंद, माझी खिडकी बंद. दोघी हसलो. आता ती उलट्या काळजीत असते, ओलावा जास्त झाला की तिच्या खिडक्यांच्या काचांना घाम फुटतो.

संध्याकाळपर्यंत सगळे जोडले. दुसऱ्या दुपारी तोंडाशी 26. अम्मी त्या दिवशी असरपर्यंत शांत झोपल्या. इफ्तारच्या वेळी खजूर हातात घेऊन सहज म्हणाल्या, ‘आज फार बरे वाटले. एवढेच की, त्याला हात लावला की मुंग्या येतात. त्या आधीपासूनच येतात.’

माझा घास हातातच राहिला.

आधीपासून! चार दिवस मी गारव्याचे अंश मोजत होते आणि जी पहिली गोष्ट बघायची ती बघितलीच नव्हती. टेस्टर पत्र्याला लावला, दिवा पेटला. कूलर तीन पिनांचा, पण मी स्वतः आणलेली एक्स्टेन्शन वायर दोन पिनांची. अर्थिंगच नाही. पंपाच्या वायरीचे वेष्टन एका जागी कातरले होते, वीज पाण्यातून पत्र्यात उतरत होती. अम्मी वजू करून ओल्या पायांनी त्याच्या शेजारून जात. आमची फरशी कोरडी होती, म्हणून मुंग्यांवर भागले. विदर्भ-मराठवाड्यातून दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, त्यांत पाणी भरणाऱ्या बायका आणि खेळणारी मुले असतात. मी त्या बातम्या वर्गात वाचून दाखवलेल्या आहेत.

तारावीहनंतर गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला बोलावले. पंपाची वायर बदलली, तीन पिनांचा प्लग थेट भिंतीत. इमारतीला अर्थिंग होती पण आमच्या खोलीपर्यंत तिची तार कुणी आणलीच नव्हती, ती आणली. शिवाय मीटरशेजारी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला. वीज भलत्या वाटेने, म्हणजे माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली तर तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. नुसता फ्यूज किंवा साधा एमसीबी हे करत नाही, तो फक्त जास्त भार ओळखतो. खर्च गवतापेक्षा बराच झाला. यांच्या ईदच्या कुर्त्यातून गेला, त्यांनी तक्रार केली नाही.

तेव्हा सोलापूरच्या बहिणी, तू सुरुवात माझ्या उलट्या टोकाने कर. आधी पिना मोज, टेस्टर लाव. मुंग्या येत असतील तर प्लग काढ आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत लावू नकोस. पाणी भरताना प्रत्येक वेळी प्लग काढायचा, बटण नव्हे, प्लग. मग खिडकी बघ, मग पन्हाळीची भोके, मग गवत. पंखाच मंद फिरत असेल तर बहुधा कंडेन्सर उतरलेला असतो. ते मेकॅनिकचे काम, त्यात वीज साठून राहते, आपण हात घालू नये. आणि आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा घासून कोरडी कर. डेंग्यूचा डास अंडी पाण्याच्या कडेला भिंतीवर घालतो, ती कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, नुसते पाणी ओतून दिल्याने जात नाहीत.

एक तापमापी शाळेत परत गेला. दुसरा अम्मींनी दिला नाही, त्याचे पैसे मी भरले. तो कूलरच्या जाळीला सुतळीने बांधलेला आहे. 28 च्या वर गेला की अम्मी मला शाळेत फोन करतात.